कारखान्याचा मेंदू, प्रयोगशाळेच्या टेबलावर

बाटल्यांत पेय भरणारे यंत्र असो, शहराचे जलशुद्धीकरण केंद्र असो किंवा साखर कारखान्याच्या गव्हाणीतून पुढे सरकणारा ऊस असो. आज या साऱ्यांची दोरी बहुधा पॅनेलमध्ये बसवलेल्या एका लहानशा पेटीच्या हाती असते. तिचे नाव प्रोग्रॅमेबल लॉजिक कंट्रोलर. कारखान्याच्या बोलीत पीएलसी. चाकण, भोसरी, सातपूर, वाळूज यांसारख्या औद्योगिक वसाहतींत देखभाल विभागाची नोकरी मागायला जाणाऱ्या पदविकाधारकाला या पेटीविषयी विचारले जाणार, हे जवळपास ठरलेलेच. उत्तर त्याला पाठ असते. परीक्षेत त्याने ते आकृतीसह लिहिलेलेही असते. मात्र ज्या हाताने ते लिहिले, त्या हाताने पीएलसीला किती वेळा तार जोडली, हा प्रश्न अडचणीचा ठरतो. नामवंत कंपनीचा प्रशिक्षण संच महाग आणि त्याची संगणक प्रणाली अनेकदा स्वतंत्र परवान्याने घ्यावी लागणारी. साहजिकच एका संचाभोवती अख्खी तुकडी उभी राहते, एक जण बटण दाबतो आणि बाकीचे दिवा लागल्याचे निरीक्षण वहीत नोंदवतात. संच बिघडण्याच्या धास्तीने चुकीची जोडणी करून पाहण्याची मुभा कोणालाच नसते. आणि हे काम तर निम्मे चुकीच्या जोडणीतूनच समजते.

या कोंडीवर एक स्वस्त उपाय गेल्या काही वर्षांत उपलब्ध झाला आहे. ज्याचे आराखडे सर्वांना खुले आहेत असा मायक्रोकंट्रोलरचा बोर्ड, त्यावर चालणारी मुक्त स्रोत प्रणाली आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या कोणत्याही दुकानात मिळणारे किरकोळ सुटे भाग यांतून शिकण्यापुरता पीएलसी स्वतःच उभारता येतो. तो खऱ्या यंत्राला जोडण्यासाठी नाही, हे आरंभीच स्पष्ट केलेले बरे. त्याची कारणे पुढे येतीलच.

रिलेंच्या कपाटातून सुटका

पीएलसी अवतरण्यापूर्वी यंत्रांचे नियंत्रण रिलेंवर चाले. रिले म्हणजे विद्युतचुंबकाने ओढला जाणारा स्विच. मोटारींच्या कारखान्यात असे शेकडो रिले भिंतीएवढ्या कपाटांत बसवलेले असत. नवे मॉडेल काढायचे ठरले की आतील तारांची जोडणी नव्याने करावी लागे आणि त्यात आठवडे जात. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाने १९६८ मध्ये याला पर्याय मागितला. त्याच वर्षी मॅसॅच्युसेट्समधील बेडफर्ड असोसिएट्स या लहानशा कंपनीतील रिचर्ड ऊर्फ डिक मोर्ले आणि त्यांचे सहकारी तार न बदलता केवळ प्रोग्रॅम बदलून काम बदलू शकणाऱ्या नियंत्रकावर काम करीत होते. कंपनीचा हा ८४वा प्रकल्प, म्हणून त्या यंत्राचे नाव पडले मॉडिकॉन ०८४.

त्या काळी संगणक नव्हते असे नाही. पण कारखान्यातील इलेक्ट्रिशियनला संगणकाची भाषा शिकवणे कोणालाच परवडणारे नव्हते. त्यामुळे प्रोग्रॅम लिहिण्याची रीतच रिलेच्या आकृतीसारखी ठेवण्यात आली. दोन उभ्या रेषा, त्यांच्यामध्ये शिडीच्या पायऱ्यांसारख्या आडव्या ओळी. डावीकडे अटी, उजवीकडे परिणाम. हेच ते लॅडर लॉजिक. अर्धशतक उलटून गेले, पडद्यांचे रंग बदलले, कंपन्या विकल्या गेल्या. शिडी मात्र जागची हललेली नाही. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने आयईसी ६११३१-३ या मानकाद्वारे पीएलसीच्या पाच भाषा ठरवून दिल्या, त्यांत लॅडर आहेच. त्या पाचांपैकी इन्स्ट्रक्शन लिस्ट ही भाषा २०१३ च्या आवृत्तीत कालबाह्य ठरवण्यात आली.

दुसरा धागा इटलीतला. इव्रिया या गावातील इंटरॅक्शन डिझाइनच्या संस्थेत २००५ मध्ये मासिमो बांझी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांसाठी आर्डुइनो हा बोर्ड तयार केला. इलेक्ट्रॉनिक्सची पार्श्वभूमी नसलेल्या कलाशाखेच्या मुलांनाही तो वापरता यावा, हा हेतू होता. त्याचा आराखडा खुला ठेवल्यामुळे जगभर त्याच्या प्रतिकृती निघाल्या आणि आज मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या पासोड्या विठोबा परिसरात तो सहज मिळतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये क्वालकॉम या बड्या चिप कंपनीने आर्डुइनो ताब्यात घेत असल्याचे जाहीर केले तेव्हा जगभरच्या हौशी मंडळींत बरीच चलबिचल झाली. पण जे आराखडे एकदा मुक्त परवान्याखाली प्रसिद्ध झाले, त्यांवरून बोर्ड बनवण्याचा हक्क त्यामुळे संपत नाही.

या दोन धाग्यांची गाठ ओपनपीएलसी या प्रकल्पाने मारली. थिआगो अल्वेस आणि सहकाऱ्यांनी तो २०१४ मध्ये एका शोधनिबंधाद्वारे मांडला. पुढे अल्वेस यांनी हंट्सव्हिल येथील अलाबामा विद्यापीठात औद्योगिक नियंत्रकांच्या सुरक्षेवर संशोधन करताना तो वाढवला. खासगी कंपन्यांच्या पीएलसीच्या आतील प्रणाली कुलूपबंद असते. आत काय चालले आहे ते दिसतच नसेल तर अभ्यास कसला करायचा, हा या खटाटोपामागचा प्रश्न होता. ओपनपीएलसीत आपण शिडी काढतो, प्रणाली तिचे रूपांतर स्ट्रक्चर्ड टेक्स्टमध्ये करते, त्याचे पुढे सी भाषेत आणि अखेर ते बोर्डात उतरते. यातील प्रत्येक टप्पा उघडून वाचता येतो.

वाच, ठरव, कर

पीएलसी एरवीच्या मायक्रोकंट्रोलरपेक्षा वेगळा कशात? उत्तर त्याच्या फेरीत आहे. तो आधी सर्व इनपुटांची स्थिती एकदम वाचून स्मृतीत ठेवतो. मग शिडीच्या सर्व पायऱ्या वरून खाली सोडवतो. शेवटी सर्व आउटपुट एकदम बदलतो. पुन्हा पहिल्यापासून. या फेरीला स्कॅन म्हणतात आणि ती काही मिलिसेकंदांत पुरी होते. फेरी चालू असताना मध्येच एखादे बटण दाबले गेले तर त्याची दखल पुढच्या फेरीत घेतली जाते. दोन फेऱ्यांच्या मधल्या फटीत बटण दाबून सोडलेही, तर पीएलसीच्या दृष्टीने ते दाबलेच गेले नाही!

आर्डुइनो आधी शिकलेल्या विद्यार्थ्याला इथे एक सवय मोडावी लागते. दिवा दोन सेकंद लावायचा असेल तर तो प्रोग्रॅममध्ये 'डिले' लिहून मोकळा होतो. त्या दोन सेकंदांत बोर्ड स्वस्थ बसून राहतो, स्टॉप बटणाकडेही पाहत नाही. टेबलावरच्या दिव्याला हे चालते. पट्ट्यात कोणाचा सदरा अडकला असेल तर चालत नाही. पीएलसीतील टायमर थांबत नाही. 'अजून वेळ झाली का' एवढेच तो प्रत्येक फेरीत पाहतो आणि पुढे जातो. माझ्या मते केवळ एवढा फरक हाताने करून पाहण्यासाठीही हा खटाटोप करण्यासारखा आहे.

पाच व्होल्ट आणि चोवीस व्होल्ट

आता प्रत्यक्ष उभारणीकडे वळू. आर्डुइनो ऊनो आर-३ या बोर्डावर एटीमेगा ३२८पी ही चिप आहे. घड्याळ १६ मेगाहर्ट्झचे, प्रोग्रॅमसाठी ३२ किलोबाइट आणि चालू कामासाठी अवघी २ किलोबाइट स्मृती. ओपनपीएलसीच्या मूळ मांडणीत या बोर्डाचे २ ते ६ क्रमांकाचे पाय डिजिटल इनपुट, तर ७, ८, १२ आणि १३ हे डिजिटल आउटपुट होतात. पाच इनपुट, चार आउटपुट. शिकायला पुरेसे आहेत.

खरी मेहनत बोर्डाच्या बाहेर आहे. ऊनो ५ व्होल्टवर चालतो आणि कारखान्यातील सेन्सर व बटणे सामान्यतः २४ व्होल्ट डीसीवर. चोवीस व्होल्टची तार थेट पायाला लावली की चिप गेली म्हणून समजावे. म्हणून मध्ये ऑप्टोकपलर घालावा लागतो. चार पायांच्या या इवल्या चिपमध्ये एका बाजूला प्रकाश देणारा डायोड आणि दुसऱ्या बाजूला प्रकाशाने जागा होणारा ट्रान्झिस्टर असतो. दोहोंमध्ये विजेची जोडणी नसते, केवळ उजेड जातो. बाजारात पीसी ८१७ हा नग सर्रास मिळतो. त्याच्या डायोडवर सुमारे १.२ व्होल्ट पडतात. उरलेल्या २२.८ व्होल्टसाठी ४.७ किलोओहमचा रोधक एकसरीत घातला तर प्रवाह सुमारे ५ मिलिअँपियर राहतो आणि रोधकात ०.११ वॅट उष्णता निर्माण होते. म्हणजे पाव वॅटचा साधा रोधक पुरतो. अनेक जण घाईत १ किलोओहम लावतात. मग तोच रोधक अर्ध्या वॅटहून अधिक उष्णता झेलू पाहतो आणि थोड्याच वेळात काळा पडतो.

दुसऱ्या बाजूला ट्रान्झिस्टरचा कलेक्टर बोर्डाच्या ५ व्होल्टला जोडावा. एमिटर इनपुटच्या पायाला जोडावा आणि त्याच पायावरून १० किलोओहमचा रोधक ग्राउंडकडे न्यावा. हा रोधक विसरला तर पाय अधांतरी राहतो आणि जवळून हात फिरवला तरी इनपुट लुकलुकते. आणखी एक दक्षता. विद्यार्थी कधी ना कधी चोवीस व्होल्ट उलटे जोडणारच. पीसी ८१७ चा डायोड उलट्या दिशेने जेमतेम ६ व्होल्ट सोसतो. त्याच्याशी उलट्या दिशेने समांतर असा १एन४१४८ हा किरकोळ किमतीचा डायोड लावला की चूक होते, पण नुकसान होत नाही.

आउटपुटसाठी यूएलएन २८०३ ही चिप सोयीची. तिच्यात आठ स्वतंत्र चालक असतात, प्रत्येकी ५०० मिलिअँपियरपर्यंत. तिच्यामार्फत १२ व्होल्टचे लहान रिले ओढावेत. रिलेची कॉइल बंद होताना उलट दिशेने मोठा झटका देते. तो गिळणारे डायोड याच चिपमध्ये असतात, मात्र तिचा दहावा पाय रिलेच्या १२ व्होल्टला जोडला तरच ते कामाला येतात. हा पाय मोकळा सोडलेले कित्येक बोर्ड दिसतात. दोन-चार दिवस ते उत्तम चालतात, मग एके दिवशी बोर्ड विनाकारण रीसेट होऊ लागतो आणि दोष प्रोग्रॅमला दिला जातो.

पुरवठे दोन ठेवावेत. बोर्ड आणि रिलेच्या कॉइलसाठी १२ व्होल्टचा एक. बटणे, सेन्सर आणि दिवे यांसाठी २४ व्होल्टचा दुसरा. या दोहोंची ऋण टोके कोठेही एकत्र आणू नयेत. ती जोडली की ऑप्टोकपलर केवळ शोभेपुरता उरतो.

थांबवणारे बटण बंद का असते?

पहिला प्रोग्रॅम एकच हवा आणि तो सर्वांत जुना आहे : मोटार चालू-बंद. स्टार्टचे बटण दाबून सोडले तरी मोटार चालू राहिली पाहिजे, स्टॉप दाबताच थांबली पाहिजे. पायरी अशी : स्टार्टचा संपर्क, त्याला समांतर खुद्द मोटारच्या आउटपुटचा संपर्क, मग एकसरीत स्टॉपचा संपर्क, शेवटी मोटारची कॉइल. मोटार एकदा चालू झाली की ती स्वतःच्याच संपर्कातून स्वतःला धरून ठेवते. वायरमन याला 'होल्डिंग' म्हणतात. संगणकाच्या भाषेत हीच एका बिटची स्मृती.

गोंधळ होतो तो स्टॉपपाशी. स्टॉपचे बटण एनसी, म्हणजे एरवी जोडलेले आणि दाबल्यावर तुटणारे वापरतात. मग शिडीवर त्याचा संपर्कही एनसी काढायचा, असे बहुतेकांना वाटते. तसे केले तर मोटार चालूच होत नाही. कारण बटण न दाबलेल्या स्थितीत २४ व्होल्ट इनपुटपर्यंत पोहोचत असतात, म्हणजे इनपुट १ असते. एनसी संपर्क १ पाहून उघडतो आणि वाट अडवतो. शिडीवरचा संपर्क बटणाचे चित्र नसून 'इनपुट १ आहे का' असा प्रश्न आहे, हे एकदा उमगले की शिडीतील निम्मी अडचण संपते. येथे स्टॉपचा संपर्क शिडीवर एनओ काढायचा.

पण मुळात स्टॉप एनसीच का? इथे विद्यार्थ्याने एक गोष्ट अवश्य करून पाहावी. मोटारच्या जागी दिवा लावून तो चालू करावा आणि स्टॉप बटणाची तार उपटून टाकावी. दिवा विझतो. आता बटण एनओ लावून, शिडी त्याप्रमाणे बदलून, तीच तार पुन्हा उपटावी. दिवा चालूच राहतो आणि मग स्टॉप कितीही दाबले तरी तो थांबत नाही. कारखान्यात तारा तुटतात, उंदीर कुरतडतात, कंपनाने स्क्रू ढिले होतात. तार तुटल्यावर यंत्र थांबले पाहिजे. हा धडा महागड्या संचावर क्वचितच दिला जातो, कारण तेथे तार उपटायला मनाई असते.

पुढचा प्रयोग आपल्या सोसायट्यांतला : जमिनीखालची टाकी, गच्चीवरची टाकी, मध्ये पंप. वरच्या टाकीतील खालचा फ्लोट कोरडा पडला की पंप सुरू, वरचा फ्लोट भिजला की बंद. खालच्या टाकीत पाणी नसेल तर पंप कोणत्याही स्थितीत चालता कामा नये. नळाच्या धारेने पाणी हिंदकळते आणि फ्लोट क्षणोक्षणी वर-खाली होतो. म्हणून मध्ये पाच सेकंदांचा टायमर घालावा लागतो. बादल्या दोन आणि फ्लोट तीन असले की हे सारे टेबलावर दाखवता येते.

बाजारातल्या गमती

यूएलएन २८०३ झाळण्याचा कंटाळा असलेले तयार रिले मॉड्यूल आणतात. ते वापरायला हरकत नाही, पण त्यांतील अनेक मॉड्यूल उलट्या चालीचे असतात : इनपुटवर शून्य आले की रिले ओढला जातो. परिणामी शिडी म्हणते 'बंद' आणि रिले म्हणतो 'चालू'. दुसरी गंमत १३ क्रमांकाच्या पायाची. ऊनो सुरू होताना त्याची प्रारंभिक प्रणाली या पायावरील दिवा लुकलुकवते. त्यामुळे चौथ्या आउटपुटचा रिले दरवेळी रीसेट होताच टकटक करतो. संगणकाने यूएसबीमार्फत संपर्क साधला तरी ऊनो रीसेट होतो. त्या पायावर केवळ सूचक दिवा ठेवावा.

या गमतींमागेच घरगुती आणि औद्योगिक पीएलसीमधला फरक दडलेला आहे. खऱ्या पीएलसीचे आउटपुट वीज आल्यावर, वीज गेल्यावर आणि प्रणाली अडकल्यावर काय करतील, हे निर्मात्याने ठरवून, तपासून दिलेले असते. वेल्डिंगच्या यंत्राशेजारी, उन्हाळ्यातील तापलेल्या पॅनेलमध्ये, वर्षानुवर्षे तो चालतो. आपला बोर्ड या कसोट्यांतून गेलेला नाही. म्हणून या संचावर २३० व्होल्टची तार येता कामा नये. मोटारचे काम २४ व्होल्टच्या दिव्याने भागते. आपत्कालीन थांबा तर साध्या औद्योगिक पीएलसीच्याही भरवशावर सोडत नाहीत. ते लाल बटण तारेनेच पुरवठा तोडते किंवा त्यासाठी प्रमाणित सुरक्षा रिले अथवा सुरक्षा पीएलसी वापरतात. खुद्द आर्डुइनो कंपनीने २०२२ मध्ये कारखान्यांसाठी 'ऑप्टा' नावाचा पीएलसी काढला तो इटलीतील फाइंडर या रिले उत्पादकाच्या साथीने. शैक्षणिक बोर्ड तसाच कारखान्यात नेता येत नाही, हे यातूनही दिसते.

मग या संचावर शिकलेले खऱ्या कारखान्यात उपयोगी पडते का? मोठ्या कंपन्यांच्या प्रणालीत पत्ते लिहिण्याची पद्धत वेगळी असते, टायमरची चौकट वेगळी दिसते, ते नव्याने पाहावे लागते. स्कॅन, होल्डिंग, एनसी स्टॉप आणि टायमर मात्र तेच. शिवाय ओपनपीएलसी मॉडबस ही भाषा बोलतो. ती मॉडिकॉननेच १९७९ मध्ये प्रसिद्ध केली आणि आजही असंख्य यंत्रे ती वापरतात. तिच्या मूळ रूपात पासवर्ड हा प्रकारच नाही; जो जोडला गेला तो आज्ञा देऊ शकतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या व्हायरसने इराणमधील नतान्झच्या अणुकेंद्रात पीएलसीच्या मार्गाने सेंट्रीफ्यूज बिघडवले, तेव्हा या क्षेत्रातील सुरक्षेचा प्रश्न जगासमोर आला. दोन विद्यार्थ्यांनी दोन संगणकांवरून एकाच संचाला मॉडबसने परस्परविरोधी आज्ञा देऊन पाहिल्या, तर हा प्रश्न काय आहे ते दहा मिनिटांत कळते.

मायक्रोकंट्रोलरशी ओळखच नसलेल्यांनी थेट शिडीकडे न जाता आधी आर्डुइनोचे प्राथमिक पाठ करावेत. मुंबईच्या आयआयटीतील स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात ते विनामूल्य आहेत. रास्पबेरी पायवरही ओपनपीएलसी चालतो, पण त्याचे पाय ३.३ व्होल्टचे आणि आत लिनक्स. आरंभ ऊनोनेच करणे सोपे. खरेदीला जाताना पाच ऑप्टोकपलर लागणार असतील तर दहा घ्यावेत आणि ते थेट न झाळता आधी त्यांचे सॉकेट बसवावेत. पहिल्या आठवड्यात दोन-तीन नग जातातच.